उन्हाचं खातं

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की भर दुपारी अकलूजच्या गच्चीत उभ्या केलेल्या काठीला सावलीच उरत नाही. सूर्य बरोबर डोक्यावर असतो. नीरेच्या काठचं हे गाव अठरा अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित अलीकडे आहे, त्यामुळे हा शून्य सावलीचा दिवस इथे वर्षातून दोनदा येतो : एकदा मेमध्ये आणि परत जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर. मधले अडीच महिने दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला कललेला असतो. ‘सूर्य नेहमी दक्षिणेला’ हे शाळेत पाठ केलेलं वाक्य त्या दिवसांत खोटं ठरतं. उलट डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो दुपारीसुद्धा दक्षिण क्षितिजाच्या वर जेमतेम एकोणपन्नास अंशांपर्यंत चढतो. सौर पॅनेल बसवताना या दोन टोकांच्या मधला मार्ग काढायचा असतो. म्हणून आपल्याकडे तोंड दक्षिणेला आणि उतार पंधरा ते अठरा अंशांचा ठेवतात.

ऊन मात्र भरपूर. अकलूजचा माळशिरस तालुका पर्जन्यछायेत येतो. पावसाळ्यातसुद्धा ढग येतात, थांबतात आणि पुष्कळदा तसेच निघून जातात. वर्षाची सरासरी काढली तर इथल्या एका चौरस मीटरवर दिवसाला पाच युनिटांहून जास्त ऊर्जा पडते. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर म्हणजे दिवसाला साडेचारशेहून अधिक युनिटं झाली. महिन्याला दीडशे युनिटं वापरणाऱ्या कुटुंबाची तीन महिन्यांची वीज एका दिवसात गच्चीवर येऊन पडते आणि संध्याकाळपर्यंत स्लॅब तापवून निघून जाते. रात्री अकरा वाजता पंख्यातून गरम हवा का येते, याचं उत्तर त्यातच आहे.

यातलं सगळं काही पकडता येत नाही. आजची चांगली पॅनेलं पडलेल्या उन्हाच्या साधारण पाचव्या हिश्श्याची वीज करतात. व्यवहारात हिशेब सोपा आहे : एक किलोवॅट म्हणजे दोन मोठी पॅनेलं, त्यांना फिरण्या-पुसण्याच्या वाटेसह शंभर चौरस फूट जागा, आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटं. महिन्याला एकशेवीस. एवढे आकडे लक्षात ठेवले तर कुणी विक्रेता येऊन दिवसाला आठ युनिटांची हमी द्यायला लागला की त्याला चहा पाजून वाटेला लावता येतं.

सर्वांत कडक ऊन ज्या महिन्यात, सर्वांत जास्त वीज त्याच महिन्यात, असं मात्र नसतं. पॅनेलवर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेत पंचवीस अंश तापमानाला मोजलेली असते. सोलापूर जिल्ह्यातल्या मेमध्ये काचेखालचं सिलिकॉन साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतं, आणि पंचविसाच्या वर चढणाऱ्या प्रत्येक अंशामागे पॅनेलची ताकद साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते. म्हणजे दुपारी एक वाजता, जेव्हा आपल्याला वाटतं की आता छप्पर फाडून वीज येत असणार, तेव्हा बारा-चौदा टक्के वीज नुसती उष्णतेने गेलेली असते. पॅनेलला उजेड हवा असतो, उकाडा नको असतो. म्हणून ती स्लॅबला चिकटवत नाहीत, खालून वारा खेळता ठेवतात. याचा फायदा खालच्या खोलीलाही होतो. पॅनेलच्या सावलीतला स्लॅब कमी तापतो, आणि ही बचत कुठल्याच वीजबिलावर छापून येत नाही.

अकलूजमध्ये काय किंवा पुण्यात काय, ‘आमच्याकडे सोलर आहे’ असं म्हटलं की परवापरवापर्यंत त्याचा अर्थ एकच होता : गच्चीवरचा पाणी तापवायचा बंब. काळ्या नळ्या, वर आडवी टाकी. बोअरच्या जड पाण्याने त्या नळ्यांत क्षार धरतात आणि दोन-चार वर्षांनी पाणी कोमट यायला लागतं, ही तक्रारही तितकीच जुनी. या बंबाची सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मात्र आपल्याकडची नाही, ती बार्बाडोसची आहे. २९ जून २०२४ च्या रात्री भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तो ज्या ब्रिजटाऊनच्या मैदानावर, त्याच बार्बाडोसची. देश एवढासा, की त्याची लोकसंख्या तीन लाखही नाही. आपला माळशिरस तालुका माणसांनीही त्याहून मोठा आणि जमिनीनेही. एक साम्य मात्र आहे : बार्बाडोसही उसाचाच मुलूख. तीनशे वर्षं त्या बेटाने दुसरं फारसं काही पिकवलंच नाही.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा बार्बाडोसची कोंडी झाली, कारण त्यांची जवळजवळ सगळी वीज आयात केलेल्या तेलावर चालायची. अशा वेळी श्रीमंत देश संशोधन संस्था काढतात. बार्बाडोसने करांचा तक्ता बदलला. १९७४ च्या कायद्याने सौर बंबाच्या कच्च्या मालावरचं आयात शुल्क माफ झालं आणि विजेवर पाणी तापवणाऱ्या बंबावर तीस टक्के कर बसला. जेम्स हजबंड्स यांची ‘सोलर डायनॅमिक्स’ ही कंपनी त्याच काळात उभी राहिली. १९८० पासून घरमालकाला बंबाचा खर्च प्राप्तिकरातून वजा करता येऊ लागला. नव्वदच्या दशकात देश आर्थिक अडचणीत आल्यावर ही सवलत गेली, आणि १९९६ मध्ये परत आली. एवढ्याशा देशात हजारो छपरांवर बंब चढले ते या करांच्या ढकलण्याने. तंत्रज्ञान म्हणाल तर काळा रंग दिलेला पत्रा, तांब्याची नळी आणि काच. ते कुणालाही येत होतं. हिशेब मात्र सरकारने जमवून दिला, आणि घरातल्या बाईला दुकानात गेल्यावर सौर बंब परवडणारा आणि दुसरा महाग दिसला.

छपरावरच्या विजेचंही नेमकं तेच आहे. आपल्याकडे या विषयावर बोलताना लोक पॅनेलच्या जातीवर तासभर वाद घालतात आणि मीटरवर दोन मिनिटं बोलतात. खरं म्हणजे उलटं हवं.

छपरावरच्या विजेची अडचण वेळेची आहे. पॅनेल वीज देतं सकाळी नऊ ते चार, आणि घर जागं होतं संध्याकाळी सातला. पोरं शाळेत, मोठी माणसं शेतात-दुकानात, आणि वर गच्चीवर भर दुपारी वीज तयार होतेय. तिचं करायचं काय? महाराष्ट्रात याचं उत्तर २०१५ साली मिळालं. राज्य वीज नियामक आयोगाने छतावरच्या सौर विजेसाठी नेट मीटरिंगचे नियम केले, आणि २०१९ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. त्यातली कल्पना अकलूजकराला समजावून सांगायची गरज नाही. तो कारखान्याचा सभासद असतो : ऊस घातला की खात्यावर जमा, साखर उचलली की नावे. नेट मीटरही दुपारी महावितरणकडे गेलेली युनिटं जमेला धरतो, रात्री आलेली नावे टाकतो, आणि बिल फक्त फरकाचं येतं. खातं ३१ मार्चला बंद होतं. तेव्हा शिल्लक उरलीच तर महावितरण ती विकत घेतं, पण आपण ज्या दराने वीज घेतो त्याहून कितीतरी कमी दराने. म्हणून गच्ची मोठी आहे म्हणून भरमसाट पॅनेलं लावण्यात अर्थ नसतो. नियमही मंजूर भारापलीकडे जाऊ देत नाही.

‘शून्य बिल’ ही जाहिरातवाल्यांची भाषा. स्थिर आकार राहतोच. सगळी युनिटं वळती झाली तरी महिन्याला शे-सव्वाशे रुपये भरावे लागतात, आणि ते रास्तही आहे. रात्रभर आपली गरज भागवणारी तार, रोहित्र आणि वायरमन कुणीतरी पोसायचे असतात.

लोकांचा सर्वांत मोठा हिरमोड होतो तो लाईट जाते तेव्हा. लाखभर रुपये घालून सोलर बसवलं, बाहेर रणरणतं ऊन, आणि महावितरणची लाईट गेली की घरातली पण गेली! बसवणाऱ्याने फसवलं असं घरमालकाला वाटतं. प्रत्यक्षात यंत्र अगदी बरोबर वागत असतं. तारेत बिघाड झाला की महावितरणचा माणूस पुरवठा बंद करून खांबावर चढतो. त्या वेळी गल्लीतल्या वीस गच्च्या जर तारेत उलटी वीज ढकलत राहिल्या, तर बंद समजलेली तार जिवंत असेल. म्हणून तारेशी जोडलेला इन्व्हर्टर बाहेरचा पुरवठा गेल्याचं दिसताच क्षणात स्वतःला तोडून घेतो. त्याला तसं करायला लावणारा नियम खांबावरच्या माणसासाठी आहे.

लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि खर्च बराच वाढतो. अकलूजसारख्या गावांत यावर एक तोडगा आधीपासूनच आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घराघरांत जिन्याखाली इन्व्हर्टर आणि त्याची पाणी घालायची बॅटरी आली. ती आजही आहे. दोन पंखे आणि चार दिवे तिच्यावर राहू द्यावेत, गच्चीवरची वीज महावितरणच्या खात्यावर जमा करावी. ज्याच्याकडे दिवसातून तासभरच लाईट जाते त्याने बॅटरीवर लाखभर रुपये घालण्यात मला शहाणपण दिसत नाही. दवाखान्याची गोष्ट वेगळी.

आता पैशांकडे. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत बिजली योजना’ आणली. एक कोटी घरं, पंचाहत्तर हजार कोटींहून जास्त खर्च. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी तीस हजार रुपये अनुदान, तिसऱ्याला अठरा हजार. म्हणजे जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजार, मग पुढे कितीही पॅनेलं लावा. त्याआधी २०१५ मध्ये देशाने २०२२ पर्यंत छपरांवर चाळीस हजार मेगावॅट बसवायचं ठरवलं होतं आणि मुदत संपली तेव्हा त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास गाडी अडकली होती. त्या अपयशात ऊन कमी पडलं नव्हतं. अर्ज, तपासणी, मीटरची वाट, अनुदानाची वाट, असा रस्ता होता. नव्या योजनेत दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीची अट उरलेली नाही, आणि फरक पडला तो बहुधा त्यानेच.

पण अनुदानाइतकीच महत्त्वाची गोष्ट महावितरणच्या दरपत्रकात लपलेली आहे. घरगुती विजेचे टप्पे असतात : शंभर युनिटांपर्यंत एक दर, शंभर ते तीनशे दुसरा, पुढे आणखी. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्यातल्याच्या जवळपास दुप्पट पडतं. वहन आकार धरून ढोबळमानाने सहा रुपये आणि अकरा रुपये. आता एक घर घ्या, महिन्याला दोनशेवीस युनिटं वापरणारं. फ्रिज, दोन-तीन पंखे, पाण्याची मोटर, टीव्ही, कधीमधी कूलर. त्याने एक किलोवॅट लावलं तर एकशेवीस युनिटं कमी होतात, आणि ती सगळीच्या सगळी महागड्या टप्प्यातली. महिन्याला तेराशे रुपये वाचले. अनुदान वजा जाता पदरचे तीस हजार गेले असतील तर दोन वर्षांच्या आसपास वसूल. त्याच घराने दुसरं किलोवॅट लावलं की ते उरलेली स्वस्त शंभर युनिटं खाणार, महिन्याला सहाशे रुपयांची. वसुलीला चार वर्षांहून अधिक. तोट्याचं नाही, पण पहिल्यासारखं नाही. आणि शेजारचं घर, ज्याचं बिलच ऐंशी युनिटांचं आहे, त्याला तेच यंत्र महिन्याला पाचशे रुपयेसुद्धा वाचवून देत नाही. त्याला पाच वर्षं थांबावं लागेल, आणि हाताशी तीस हजार आहेत कुठे?

अनुदान सगळ्यांना सारखं आणि फायदा मात्र जास्त वीज जाळणाऱ्याला जास्त, असा हा तिढा आहे. राज्य सरकारला तो उशिरा का होईना दिसला. २०२५ मध्ये शंभर युनिटांच्या आतल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी वेगळी योजना आली. केंद्राच्या तीस हजारांवर राज्य भर घालतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका किलोवॅटसाठी पदरचे अडीच हजारांच्या आसपासच भरावे लागतात. चांगलं आहे. तरीही छप्पर स्वतःचं असलं पाहिजे, ही अट कुठलीच योजना ओलांडू शकत नाही. भाडेकरूचं काय, आणि गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या आसपास कोपी घालून राहणाऱ्या ऊसतोड्यांचं काय, हे प्रश्न छपरावरच्या सौर विजेच्या कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाहीत.

महावितरणची अडचणही समजून घ्यायला हवी. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातले ग्राहक आणि दुकानदार-कारखानदार जास्त दर देतात, त्यातून शेतीपंपांची स्वस्त वीज भागते. सौर पॅनेल पहिल्यांदा पळवून नेतं ती नेमकी हीच महाग युनिटं. शिवाय दुपारी सगळ्या गच्च्या वीज देतात आणि संध्याकाळी सगळ्या एकदम मागतात. त्या संध्याकाळसाठी फताटेवाडीच्या एनटीपीसीसारखी औष्णिक केंद्रं पेटती ठेवावी लागतात. १३२० मेगावॅटचं ते केंद्र कोळसा दुरून आणतं आणि पाणी उजनी धरणाचं घेतं. ज्या जिल्ह्यात उजनीच्या प्रत्येक टीएमसीवरून भांडणं होतात, तिथे एका वीजकेंद्राला किती पाणी लागतं हा प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही. आता स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते पाचमधल्या वापरावर सवलत मिळते. मोटर दुपारी लावा, इस्त्री दुपारी करा, असं सुचवण्याचा तो मार्ग.

म्हणून मला वाटतं, अकलूजसारख्या गावात खरी सुरुवात घरांपासून नव्हे, दिवसा चालणाऱ्या इमारतींपासून व्हायला हवी. आसपासच्या तालुक्यांतली माणसं इथे दवाखान्यासाठी येतात. दवाखान्यांत दिवसभर यंत्रं आणि वातानुकूलन चालू असतं. बँका, पतसंस्था, दुकानं, नगरपरिषद, सगळ्यांची वीज ऊन असतानाच खर्च होते. त्यांना खात्यावर जमा करून रात्री उचलायची गरजच फारशी पडत नाही. व्यापारी दर एवढा चढा आहे, की अनुदान नसूनही त्यांचा हिशेब जमतो. शाळांचं तेवढं उलटं : वर्ग दिवसा भरतात खरे, पण मेमध्ये शाळाच बंद. तिथे नेट मीटरशिवाय गत्यंतर नाही.

शेवटी गच्ची. सगळ्या योजना जिथे येऊन टेकतात ती जागा.

या भागात जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ती घरं स्लॅबच्या घरांपेक्षा कितीतरी थंड राहतात, पण पॅनेलं उभी करायला ती नकोतच. पॅनेलचं वजन फारसं नसतं, भीती असते वाऱ्याची. वळवाच्या पावसाआधी जी वावटळ सुटते ती पॅनेलच्या खाली शिरून त्याला वर उचलते, आणि त्याला धरून ठेवायला सांगाड्याचे पाय स्लॅबमध्ये किंवा जड ठोकळ्यांत पक्के रोवलेले लागतात. गारांची धास्ती लोकांना जास्त वाटते, विशेषतः २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट पाहिलेल्यांना. पॅनेलची काच मात्र पंचवीस मिलिमीटरच्या गारेचा जोराचा मारा सोसते का, हे तपासूनच बाजारात येते. त्याहून मोठी गार पडली तर काही सांगता येत नाही, द्राक्षबागेचं जे होईल तेच.

गच्ची रिकामी असते हा पुरुषांचा गैरसमज. मार्च ते मे वाळवणाचे दिवस. कुरडया, पापड, सांडगे, वर्षाची मिरची, सगळं गच्चीवर. पॅनेलला आणि पापडाला एकच ऊन हवं असतं. यावर उपाय म्हणून सात-आठ फूट उंच सांगाडा करतात, खाली मांडवासारखी जागा राहते. मग पापडाला ऊन कमी पडतं, खर्च वाढतो आणि वारा जास्त लागतो. दोन किलोवॅटना दोनशे चौरस फूट लागतात, उरलेली गच्ची मोकळी ठेवावी हेच बरं.

धूळ तर आहेच, कारखान्याच्या टापूत त्यात राख मिसळते. गाळप सुरू असलं की बगॅसच्या धुराड्यातून उडालेले काळे कण वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसतात. तेच पॅनेलवरही बसतात. त्यातच शेतात पाचट पेटवलं की आणखी. पंधरवड्यातून एकदा सकाळी गार असताना पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसलं की काम होतं. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. आणि पाणी बोअरचं जड असेल तर ते वाळू न देता पुसून घ्यावं, नाहीतर बंबाच्या नळ्यांतला क्षार इथे काचेवर बसतो.

सावली ही सर्वांत फसवी. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली पडली की तेवढीच वीज कमी होत नाही. सावलीतला सेल पुढच्यांचाही प्रवाह अडवतो. हे टाळायला पॅनेलमागच्या पेटीत डायोड असतात, ते सावलीतला भाग वगळून प्रवाह वळवतात, पण त्यात पॅनेलचा तिसरा हिस्सा एका फटक्यात बंद पडतो. केबलच्या डिशची हातभर सावली एवढं नुकसान करू शकते. डिसेंबरमध्ये पाच फूट उंच टाकीची सावली भर दुपारीही उत्तरेकडे साडेचार फूट जाते, आणि तीन-चार वाजता तर कितीतरी लांब.

आणि टाकी कुठे बांधतात? वास्तुशास्त्र सांगतं नैऋत्येला, जड वस्तू तिथे. हिवाळ्यातल्या दुपारी सूर्य नेमका नैऋत्येकडे झुकलेला असतो, म्हणून टाकीची सावली गच्चीच्या मधोमध येते. अकलूज २०२१ मध्ये ग्रामपंचायतीची नगरपरिषद झालं, त्यामुळे बांधकामाचे नकाशे आता तिच्याकडे जातात. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत सौर यंत्रणेची सक्ती आहे ती मोठ्या भूखंडांना. इथली बहुतेक घरं गुंठा-दोन गुंठ्यांवरची. त्यांना सक्ती नको, पण नकाशा मंजूर करताना तीन ओळींची सूचना देता येईल : टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेच्या बाजूला घ्या, गच्चीपासून मीटरपर्यंत भिंतीत एक रिकामा पाइप आधीच टाकून ठेवा, आणि स्लॅब भरताना सांगाड्यासाठी चार बोल्ट सोडा. सगळं मिळून एका पॅनेलपेक्षाही कमी खर्च येईल. वास्तूवाल्याला काय सांगायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.